न्हाणीमागचा नागदवणा

आत्याबाई, तुमची रांग उपटायला काल माणूस आला होता. कुदळ घेऊन. रांग उपटली गेली नाही हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. शेवट कळल्याशिवाय मधलं ऐकायची तुम्हाला सवय नव्हती. कीर्तनातसुद्धा शेजारणीला कोपरानं ढोसून विचारायचात, "मरते का वाचते व तो?"

चौदावं झालं. पाहुणे पांगले. तुमची लेक कृष्णी काल संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला गेली, निघताना माझ्याशी एक शब्द न बोलता. घरात तुमचा लेक आणि मी. आणि न्हाणीमागं ती रांग, जिच्यावरून तुम्ही आणि मी आयुष्यभर भांडलो. म्हणजे भांडलात तुम्ही. मी ऐकलं. या घरात सून म्हणून आले तेव्हापासून तुम्ही बोलायचात आणि मी मनात उत्तर द्यायची, तोंड बंद ठेवून. पंचेचाळिशी उलटली तरी तेच. मोसमात सरकी काढायच्या जिनाच्या आवारात कापसाचे ढीग पडतात तशी ती उत्तरं माझ्या आत पडून आहेत. आता ऐका.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला मागं नेलंत. न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं, तिथून धुण्याच्या दगडापर्यंत भिंतीच्या कडेनं जमिनीत कांदा धरणाऱ्या झाडांची रांग होती. हिरव्या पट्ट्यांसारखी लांब पानं, जमिनीवर लोळणारी. तुम्ही म्हणालात, "हा नागदवणा. तुह्या सासऱ्याच्या आजीनं लावला. हा हाये तवर घरात साप येत नाई."

मी तेव्हा नवी होते, शहाणी नव्हते. म्हणाले, "आत्याबाई, आमच्या वरवटले याले सुदर्शन म्हणतात. नागदवण्याची मान उंच असते, केळीच्या रोपावानी. अन् तो उन्हाळ्यात असा लोळत नाई."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ती नजर मला पुढं पाठ झाली.

"तुह्या वरवटचं पाणी खारं. खाऱ्या पाण्यात झाड ताठ उभं राह्यते, काय करन बिचारं. आमच्या मलकापूरचं पाणी गोड. सुखात झाड लोळनच. सवताकडेच पाह्य ना, आठ दिवसांत कशी सुस्तावली."

ओसरीवर बसलेल्या बायका हसल्या. त्या दिवसापासून मी वरवटकरीण झाले. माझं नाव तुम्ही फार क्वचित घेतलंत.

पण मला खात्री हवी होती. माझ्या वडिलांच्या वाडीत दोन्ही झाडं होती, एक विहिरीजवळ, एक गोठ्याजवळ. पानावरून चूक होऊ शकते. पाण्यानं, सावलीनं, मातीनं पान बदलतं. फूल बदलत नाही. नागदवण्याचं फूल पांढरं, पाकळ्या अरुंद, पसरलेल्या बोटांसारख्या सुट्या, आणि मधले तंतू जांभळट. सुदर्शनाची पाकळी रुंद, फूल घंटेसारखं खाली झुकलेलं, आणि प्रत्येक पाकळीच्या मधोमध गुलाबी पट्टा. एक फूल उमललं असतं तर वाद एका संध्याकाळी मिटला असता.

ते फूल तुम्ही कधी उमलू दिलं नाहीत. आषाढात कांद्यातून दांडा निघाला, वीतभर झाला, की तुम्ही विळा घेऊन जायचात. कळ्यांचा पदर फाटायच्या आत दांडा साफ. मी एकदा विचारलं, "काऊन कापता?" तुम्ही म्हणालात, "फुलाच्या वासानं साप येते. झाड सापाले हाकलते, फूल बलावते. म्हणून झाड ठेवायचं अन् फूल कापायचं. तुह्या सासऱ्याच्या आजीनं सांगतलं." म्हणजे त्या आजीनंही फूल पाहिलं नव्हतं, तिच्या सुनेनंही नाही, तुम्हीही नाही. चार पिढ्या एका झाडाला सांभाळत आल्या आणि त्याचं तोंड कुणी पाहिलं नाही. हे मी तेव्हा बोलले नाही. आता बोलते.

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला माहीत नाही. तुमच्या लेकालाही कालपर्यंत माहीत नव्हतं.

कृष्णीच्या दुसऱ्या बाळंतपणाला तुम्ही नागपूरला गेला होतात. जावई सेक्रेटरिएटात, सुट्टी मिळेना, तुमचा मुक्काम लांबला. मला वाटलं, हीच वेळ. या पावसाळ्यात दांडे कुणी कापणार नाही. एक फूल मी पाहणार. नुसतं वाट पाहून माझं भागलं नाही. झाडांना जोर यावा म्हणून मी ताजं शेण आणलं, कांद्यांच्या माना झाकेपर्यंत थापलं, आणि रोज बादल्या ओतल्या. कुणी सांगितलं असतं तर कळलं असतं की या कांद्याची मान उघडी हवी. गळ्यापर्यंत गाडला की तो आतून कुजतो. कुणी म्हणजे तुम्हीच. आणि तुम्हाला विचारण्याची सोय नव्हती.

महिन्याभरात पानं पिवळी पडून हातात येऊ लागली. खाली बोट घातलं तर कांदा पिचपिचला. सगळी रांग गेली. एकच झाड राहिलं, धुण्याच्या दगडाखाली मुळं गेलेलं, तिथं शेण पोचलं नव्हतं.

मी वरवटला निरोप धाडला. माझा दादा पोतंभर कांदे बैलगाडीत घालून आला. तो आज नाही, म्हणून त्याचं नाव निघालं तरी कुणी त्याला बोलणार नाही. पोतं उतरवताना म्हणाला, "पण बाई, नागदवणा मोजकाच हाये वाडीत, निघत नाई. हे सुदर्शन हाये. चालते?"

मी म्हणाले, "चालते."

एवढाच शब्द. त्या शब्दावर मी वीसेक वर्षं निजले आणि उठले. तुम्ही परत आलात, मागं गेलात, रांगेकडं पाहून म्हणालात, "बरी ठेवली व." तुम्ही मला तोंडावर चांगलं म्हणालात असे प्रसंग बोटावर मोजण्यासारखे, आणि त्यातला हा एक. तुम्हाला फरक कळला नाही. फरक कळला नाही म्हणजे कदाचित फरकच नव्हता, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. तुम्ही इतक्यांदा नागदवणा म्हटला होतात की मलाही तो नागदवणाच दिसायला लागला होता. मला वाटत राहिलं, दगडाजवळचं ते एक झाड खरं, बाकी सगळी माझी लबाडी. आणि घराची राखण त्या एका झाडावर.

नव्या लावलेल्या कांद्यांनी त्या वर्षी दांडा काढला नाही, दगडाजवळच्या जुन्यानंही नाही. नंतर काढले, पण तोवर विळा घेऊन तुम्ही हजर होतात.

तुमच्याबद्दल वाईटच सांगेन असं वाटत असेल तर तेही होणार नाही. माझं तिसरं बाळ गेलं तेव्हा आळीतल्या बायका ओसरीवर बसून कुजबुजल्या की सुनेचा पायच तसा. तुम्ही आतून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलात आणि तो फरशीवर असा आपटलात की त्याला पोचा पडला. "माह्या सुनेच्या पायाचं मले सांगाले आल्या? तुमच्या पायानं चालत्या व्हा!" पोचा पडलेल्या त्या तांब्यातून मी अजून पाणी पिते. तुम्ही मला जवळ घेतलं नाहीत, डोक्यावरून हात फिरवला नाहीत. आत जाऊन भाकरी टाकायला बसलात. पण त्या दिवसानंतर या आळीत माझ्या पायाविषयी कुणी बोललं नाही.

आणि माझ्या लेकीचा, मालूचा, कान ठणकला तो दिवस. पोर रडून रडून निळी पडलेली. मी मागं धावले, पान तोडलं, निखाऱ्यावर शेकलं आणि कोमट रस कानात पिळला, माझी आई करायची तसा. तुम्ही पोरीचं डोकं मांडीवर घेऊन दुपारभर हलला नाहीत. पाय बधिर झाले तरी. ती झोपल्यावर मी न राहवून म्हणाले, "हा सुदर्शनाचा गुण, आत्याबाई."

"नागदवण्यातबी असते तो गुण."

"नसते."

"हळू बोल. पोरगी उठन."

पहिला आठवडा सोडला तर एवढा एकच वाद मी तुमच्याशी तोंडानं केला, आणि तोही कुजबुजत.

मग त्या सकाळकडे येते. दोरी रांगेत पडली होती, बादलीची. तुम्ही वाकून पानांत हात घातलात. काठीनं चाळवून पाहिलं नाहीत. गवत असतं तर पाहिलं असतं, कडब्याच्या गंजीत हात घालण्याआधी तुम्ही नेहमी काठी फिरवायचात. इथं का फिरवाल? इथं तर नागदवणा. घोणस धुण्याच्या दगडाच्या पोटात बसली होती, त्या जुन्या झाडाला टेकून. ती हाताला डसली.

डॉक्टर, मांत्रिक, सगळे झाले, ते पुन्हा सांगत नाही. मला फक्त बाजेजवळचं बोलायचं आहे. तुमचा हात खांद्यापर्यंत सुजला होता. तुमची शुद्ध शेवटपर्यंत गेली नाही. तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, काही मागाल, काही द्याल, निदान नावानं हाक माराल. तुम्ही विचारलंत, "वरवटकरीण, नागदवण्यात साप आला कसा व?"

तुम्हाला मरणाची भीती नव्हती. तुम्हाला हे कळत नव्हतं. ज्यावर आयुष्यभर भार टाकला ते हाताखालून निसटलं होतं, आणि डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. सगळं तोंडाशी आलं. शेण, पोतं, दादा, चालते. बोलले असते तर मी मोकळी झाले असते. तुमचं काय झालं असतं?

मी म्हणाले, "दगडाजवळचं एक झाड वाळलं होतं, आत्याबाई. तेवढीच जागा मोकळी होती."

तुम्ही डोळे मिटलेत. "मग बरोबर. झाडाचा दोष नाई."

बाजेच्या पायथ्याशी, तार मिळताच नागपूरहून आलेली कृष्णी उभी होती. तिनं ऐकलं. सुतकाचे दिवस तिनं उलटू दिले, आणि चौदाव्याचं जेवण उरकल्यावर ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, झाडं पाह्याचं काम तुह्यं होतं. तू पाणी नाई घातलं. वाळू दिलं. आई मरत होती तवा तूच सांगतलं." मग तिनं ठरवलं, ज्या झाडांनी आईला दगा दिला ती उपटायची आणि तिथं आईच्या नावाचा ओटा बांधायचा. तुमचा लेक खाली पाहत राहिला. आत मात्र मी म्हणत होते, खरं आहे, मीच मारलं, फक्त तुला माहीत आहे त्यापेक्षा वाईट रीतीनं मारलं.

पण या वर्षी आषाढ सुतकात आला, आत्याबाई. दांडे कापायला कुणी गेलं नाही.

ते उमलल्याचं मला नाकानं सांगितलं. परवा दिवेलागणीला भांडी घासायला मागं गेले आणि वास आला, गोड, जड, थोडा व्हॅनिलाच्या बिस्किटासारखा, जे स्टेशनावर मिळतं. रांगभर दांडे उभे होते, आणि प्रत्येकावर घंटा लटकल्यासारखी फुलं. मी पहिल्यापासून पाहत गेले. रुंद पाकळी, गुलाबी पट्टा. पुढचं, रुंद पाकळी, गुलाबी पट्टा. हे होणारच होतं, ही माझीच झाडं, माझ्या वडिलांच्या वाडीतली. मग धुण्याच्या दगडाशी गेले. तिथं ते जुनं झाड. तुमच्या आजेसासूचं. त्याच्याही दांड्यावर फूल उघडं होतं.

गुलाबी पट्टा, आत्याबाई. हात लावून पाहिला. बोटाला पराग लागला. दुसऱ्या फुलाशेजारी धरून पाहिलं. तेच.

मी खाली बसले. हसू आलं, हे कबूल करते. सुतक संपलेल्या घरात, तुम्हाला घोणस डसली त्या जागेच्या शेजारी बसून मी हसले आणि मग दगडाला डोकं टेकून रडले. चार पिढ्या तुमच्या घराची राखण नागदवण्यानं केलीच नव्हती. मी नागदवणा काढून सुदर्शन लावलं नव्हतं, सुदर्शनाच्या जागी सुदर्शन लावलं होतं. वीस वर्षं मी एक असा गुन्हा पाठीवर वाहिला जो झालाच नव्हता. शेण घातलं, कांदे कुजवले, लपवलं, हे झालं. ते माझं. पण घोणस माझी नाही. ती दगडाच्या पोटातल्या गारव्याला आली, उंदरांमागं आली. तिनं झाडाचं नाव विचारलं नाही.

काल सकाळी करीमभाई गवंडी कुदळ घेऊन दारात. मी कृष्णीला मागं नेलं. आणि आत्याबाई, मी बोलले. सगळं. पोतं, दादा, बाजेजवळचं खोटं. तुमचा लेक दाराच्या चौकटीत उभा राहून ऐकत होता. कृष्णीला फुलं दाखवली, जुनं झाड दाखवलं, पट्टा दाखवला.

तिनं पट्ट्यावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे आई खोटं बोले?"

"तिनं फूल कधी पाह्यलं नाई, बाई. जे सांगतलं ते ती खरं मानत होती."

"तूच मारलं तिले." आवाज फाटला तिचा. "तूच. काऊन नाई बोलली आधी? एवढी वर्षं काऊन नाई बोलली?"

ही एक गोष्ट ती बरोबर बोलली. मी वेळेवर बोलले असते, लोक हसले असते, तुम्ही चिडला असता, पण पुढं कधीतरी त्या पानांत हात घालण्याआधी काठी फिरवली असती. कदाचित. तुमचा हट्ट पाहता कदाचित नाहीही. तो ‘कदाचित’ मला जन्मभर पुरेल. तो मी नाकारत नाही.

"उपटा," कृष्णी करीमभाईला म्हणाली. "सगळं उपटा."

मी आत गेले. तिला वाटलं, नेहमीसारखी गप्प झाली. मी घरातलं सगळं धुणं गोळा केलं. सुतकातली अंथरुणं, चादरी, तुमची लुगडीसुद्धा. गाठोडं आणून दगडावर टाकलं आणि पदर खोचून धुवायला बसले. एकेक कपडा आपटत. पाणी रांगेत वाहू लागलं. करीमभाई कुदळीवर हनुवटी टेकून उभा. कृष्णी म्हणाली, "वहिनी, ऊठ."

"धुणं झाल्यावर उठन."

"केव्हा होईन?"

"चादर मळकी हाये."

करीमभाईनं आभाळाकडं पाहिलं. "बाई, आपल्याले घाई नाई. धुनं होऊ द्या. मी तंबाखू मळतो." तो गोठ्याच्या सावलीला जाऊन बसला. मी तीच चादर धुतली, पिळली, पुन्हा भिजवली, पुन्हा धुतली. तुम्ही पाहिली असती तर "साबण काय फुकट आला?" म्हणाला असता. तिकडं दूरदेशी चाललेल्या लढाईमुळं साबण किती महाग झालाय ते मला ठाऊक आहे. तरी धुतली.

दुपार झाली. बादलीतलं पाणी संपलं. मी मान वर केली तर तुमचा लेक विहिरीवरून दुसरी बादली भरून आणत होता. लग्न झाल्यापासून त्यानं आई आणि बायकोच्या मधे कधी शब्द टाकला नव्हता. कालही टाकला नाही. बादली माझ्याजवळ ठेवली आणि तो पुन्हा विहिरीकडं गेला. मग तिसरी आणली.

करीमभाईनं कुदळ खांद्यावर टाकली. "पुन्हा केव्हा बलवाल तेव्हा येतो," तो म्हणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत निघून गेला. कृष्णीनं पेटी बांधली. ती मला क्षमा करणार नाही, आणि मी ती मागायला नागपूरला जाणार नाही. तिचा राग खरा आहे. तो तिच्याजवळ असू दे. पण रांगेला कुणी हात लावणार नाही, मी आहे तोवर. लोक म्हणतील, सासूला जिथं साप डसला तिथं ही फुलं फुलवते. म्हणू देत. भिंतीपासून दगड बाजूला काढून घेईन, उंदरांची बिळं बुजवीन, पानांत हात घालताना काठी फिरवीन. आणि विचारेल त्याला स्पष्ट सांगेन की हे सुदर्शन आहे. कान दुखला तर रस न्या. सापासाठी नेऊ नका.

आत्याबाई, वाद मी जिंकले. कुणाशी, हे विचारू नका.

राहता राहिलं बाजेजवळचं ते खोटं. काल सगळ्यांना सांगितलं की ते खोटं होतं, आणि कृष्णी म्हणाली, निदान त्याची तरी लाज वाटू दे. आयुष्यभर ज्याची त्याची लाज वाटली मला. तुमच्या नजरेची, ओसरीवरच्या हसण्याची, दादाच्या पोत्याची. त्या एका वाक्याची वाटत नाही. तुम्ही मला पुन्हा जवळ बोलावलंत, पुन्हा तसंच विचारलंत, तर दगडाजवळचं एक झाड वाळलं होतं, असंच सांगेन.